दूध वाढवलं, गोळी सुरू केली. हाडांसाठी आणखी काय खाऊ?

प्रश्न असा आहे: विचारणाऱ्या बाई ४६ वर्षांच्या, पाळी मागेपुढे होऊ लागलेली, काम दिवसभर बसून. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या ७२ वर्षांच्या आई रात्री बाथरूमला जाताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्या धास्तीने बाईंनी स्वतःसाठी रोज दोन ग्लास दूध, सकाळी पालकाचा रस, कॅल्शियमची एक गोळी आणि पाऊण तास चालणं सुरू केलं. शिवाय वजन उतरवायचं म्हणून रात्रीचं जेवण बंद केलं. आता त्या विचारतात, ‘माझी हाडं आईसारखी होऊ नयेत म्हणून आणखी काय खाऊ?’

तुमची धास्ती समजते. घरात एकदा खुबा मोडला की पुढचे कित्येक महिने सगळं घर त्या एका पायाभोवती फिरतं. पण ‘आणखी काय खाऊ’ याच्या पोटात दडलेला खरा प्रश्न असा आहे: माझं हाड मोडू नये म्हणून मी काय करू? हाड मोडतं तेव्हा बहुतेक वेळा दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. हाड कमजोर झालेलं असतं आणि माणूस पडतो. खाण्याचा संबंध यातल्या पहिल्या गोष्टीशी, आणि तोही अर्धाच. उरलेलं बरंचसं तुमच्या यादीत नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

मी २० वर्षांहून जास्त काळ हाडांच्या शस्त्रक्रिया करते. मोडलेल्या खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा वरचा गोळा बाहेर काढावा लागतो, लिंबापेक्षा थोडा मोठा. धडधाकट हाडाचा गोळा आतून दाट जाळीसारखा असतो. कापलेल्या बाजूवर अंगठा कितीही दाबा, दबत नाही. ठिसूळ झालेल्या हाडाचा गोळा तसाच दाबला तर अंगठा आत रुततो, जाळीच्या बारीक काड्या तुटल्याची करकर बोटाला जाणवते, आणि मधल्या पोकळ्या पिवळ्या चरबीने भरलेल्या दिसतात. स्क्रू बसवतानाही तेच. चांगल्या हाडात शेवटचे दोन आटे पिळताना मनगटाला जोर लावावा लागतो. ठिसूळ हाडात स्क्रू नुसता फिरत राहतो, पकडच घेत नाही. कॅल्शियमची गोळी लिहून देताना माझ्या डोळ्यांसमोर ही जाळी असते, कारण हाड म्हणजे कॅल्शियमने भरलेला डबा नव्हे. ती एक बांधणी आहे.

त्या जाळीच्या काड्या वाटेल तशा पसरलेल्या नसतात. अंगाचा भार खुब्यातून खाली ज्या दिशेने उतरतो, त्याच दिशेने त्या रचलेल्या असतात. यूलियस वुल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये हे नियम म्हणून मांडलं: हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे घडतं. टेनिसपटूंच्या खेळायच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. उलट अंतराळवीरांचं बघा. तिथे अंगावर भारच नसतो, आणि त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्याने घटत गेल्याचं मोजलं गेलं आहे. त्यांचा आहार तर मोजूनमापून दिलेला असतो! नुसत्या आहाराने हाड का टिकत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता तुमच्या वयात नेमकं काय चालू आहे ते सांगते. हाडात दोन प्रकारच्या पेशींचं काम सतत चालतं. एक पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या त्या जागी नवं घालतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दर वर्षी असा बदलला जातो. तिशीपर्यंत जमा होते तेवढी पुंजी होते. पुढे ती राखायची. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालतं. पाळी जाण्याच्या सुमारास ते घटतं आणि आवर सुटतो. म्हणून पाळी जाण्याच्या आधीचं एखादं वर्ष आणि नंतरची पाच-सहा वर्षं या काळात बायकांचं हाड सगळ्यात झपाट्याने जातं. आधी जाते ती आतली जाळी. त्यामुळे जाळीचं प्रमाण जास्त असलेले मणके आणि मनगट लवकर सापडतात. तुम्ही या काळाच्या तोंडाशी उभ्या आहात, म्हणून प्रश्न अगदी योग्य वेळी विचारलात.

आधी खाण्याचंच बोलू, कारण विचारलंत तेच. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यानंतर १२०० धरतात. २५० मिलिलिटरच्या एका ग्लास दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच दह्यातही जवळपास तेवढंच. म्हणजे दोन ग्लासांत तुमचे ६०० झाले. धान्य, डाळी, भाज्या मिळून आणखी २००-३०० सहज मिळतात. एक वाटी दही वाढवलंत की हिशेब पुरा झाला. मग गोळी कशाला? माझ्या कामात मी आधी आहार मोजते आणि जेवढी तूट निघेल तेवढीच गोळीने भरते. जास्त कॅल्शियम घेतल्याने हाड जास्त मजबूत होत नाही, आणि मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना गोळ्यांचा जादा भार त्रासदायक ठरू शकतो. दूध पचत नसेल तर दही, पनीर, काट्यांसकट खायचे छोटे मासे, कॅल्शियम घालून बनवलेलं सोयाबीनचं दूध हे पर्याय आहेत.

गोळी घ्यावीच लागली तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, कारण शरीर एका दमात तेवढंच नीट शोषतं. आकडा वाचतानाही चूक होते: १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती गोळी जेवणाबरोबर घ्यायची. सिट्रेट उपाशीपोटीही चालते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. कित्येक रुग्ण दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेतात आणि मग थायरॉइडचा डोस का वाढवावा लागतोय ते कुणाला कळत नाही.

पालकाचा रस मात्र बंद करा. पालकात कॅल्शियम आहे हे खरं, पण त्यातला ऑक्झलेट नावाचा घटक ते धरून ठेवतो. दुधातल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० टक्के शोषलं जातं, पालकातल्यापैकी जेमतेम ५ टक्के. शिवाय कच्च्या पालकाचा रस रोज पिणं म्हणजे मूत्रपिंडावर ऑक्झलेटचा मारा. पालकाची भाजी खुशाल खा, ती इतर कारणांसाठी चांगलीच आहे. फक्त कॅल्शियमच्या खात्यात धरू नका. कोबी, ब्रोकोली या भाज्यांतलं कॅल्शियम कमी असलं तरी अंगी लागतं.

तुमच्या आहारात मला सगळ्यात जास्त खटकलं ते सोडलेलं जेवण. हाडाच्या आकारमानाचा जवळपास निम्मा भाग प्रथिनांचा असतो, मुख्यतः कोलॅजनचा. कॅल्शियमचे कण त्या प्रथिनांच्या चौकटीवर बसतात. चौकटच नसेल तर सिमेंट कशावर ओतणार? वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. वजन ६० किलो असेल तर ६० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ७-८. एक जेवण गाळलं तर हा आकडा गाठणं फार अवघड. प्रथिनांनी रक्त आम्लधर्मी होतं आणि हाडं झिजतात असं पूर्वी सांगितलं जायचं; ती भीती टिकलेली नाही. दुसरं असं की झपाट्याने वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायू आणि हाडही उतरतं. वजन खरंच जास्त असेल तर ते सावकाश उतरवा, जेवण न सोडता आणि भाराचा व्यायाम करत. आणि वजन मुळात योग्य असेल तर या वयात ते आणखी खाली आणू नका. फार बारीक असणं हा खुबा मोडण्याचा स्वतंत्र धोका आहे.

ड जीवनसत्त्वाचं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे: तुम्ही कुठे राहता, ऋतू कोणता, कातडीचा रंग, अंगावरचे कपडे. ज्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते काचेतून आत येत नाहीत, म्हणून खिडकीतल्या उन्हाचा उपयोग नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते ती वेळ कामाची. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. दिवसभर घरात काम करणाऱ्यांची मी एकदा रक्ततपासणी करून घेते. हाडांच्या दृष्टीने रक्ताच्या दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर पातळी असली तर बहुतेकांना पुरते. कमी निघाली तर भरून काढायलाच हवी, पण जितकं जास्त तितकं चांगलं हे इथे लागू नाही. ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस देऊन पाहिला होता. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा त्या बायका जास्त पडल्या होत्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली होती. आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या २५ हजारांहून जास्त लोकांच्या चाचणीत, मुळात कमतरता नसलेल्या सर्वसाधारण निरोगी माणसांना रोजच्या २००० युनिटने हाडं मोडण्यापासून संरक्षण मिळालं नाही. कमतरता भरणं हा उपचार आहे. त्याच्या वर ओतत राहण्याला काही अर्थ नाही.

बाकीचं भराभर सांगते. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जातं, त्यामुळे पॅकबंद खारे पदार्थ कमी. दिवसाचे दोन-तीन कप चहा-कॉफी चालतील. सिगारेट आणि तंबाखू पूर्ण बंद, यावर तडजोड नाही. दारू जितकी कमी तितकं बरं. ती हाडही खाते आणि तोलही घालवते.

तर आतापर्यंतचा हिशेब असा: दूध चालू ठेवा, दही वाढवा, रस थांबवा, रात्रीचं जेवण परत सुरू करा, गोळीची गरज तपासा. एवढ्याने बांधकामाचं सामान दारात येऊन पडेल. बांधकाम सुरू व्हायला हाडाला मागणी जाणवावी लागते.

चालण्याबद्दल अनेक जण माझ्याशी वाद घालतात. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम आहे, सोडू नका. पण जो माणूस रोज चालतोच त्याच्या हाडाला चालण्यात नवं काही नाही. हाड नेहमीच्या भाराला सरावतं. त्याला जागं करायला नेहमीपेक्षा जास्त, थोडा झटक्याचा आणि वेगवेगळ्या दिशांनी येणारा भार लागतो, तोही थोडाच वेळ. पोहणं आणि सायकल यांत भार पाण्यावर किंवा सीटवर जातो, म्हणून हाडांसाठी त्यांचा उपयोग कमी.

ऑस्ट्रेलियातच २०१८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका होत्या. निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकार प्रशिक्षकाच्या नजरेखाली खरंखुरं जड वजन उचलायला आणि उड्या मारायला शिकवलं. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याची घनता वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची वाढली नव्हती. याचा अर्थ उद्याच जाऊन जड बार उचलायचा असा नाही. प्रशिक्षकाची नजर हा त्या यशाचा मोठा भाग होता.

तुम्ही सुरुवात खुर्चीपासून करा. मी ओपीडीत प्रत्येकीला हे करून दाखवायला लावते: हात छातीशी बांधून खुर्चीतून उठा, बसा, सलग दहा वेळा. चाळिशीतल्या धडधाकट बायकासुद्धा सातव्या-आठव्या वेळी हात सोडतात, गुडघ्यावर टेकवतात, आणि स्वतःच चकित होतात. हे सहज जमू लागलं की छातीशी दोन किलो धरून करा, मग चार. त्याच्या जोडीला जिना चढणं, भिंतीला हात लावून दंड, पाठीचे स्नायू ताणणारे व्यायाम. आठवड्यातून दोन-तीन दिवस, आणि शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना खरंच जड वाटेल इतकं वजन. वजन वाढलंच नाही तर हाडाला काही कळत नाही. गुडघे, पाठ आणि लघवीवरचा ताबा ठीक असेल, तर पाळी चालू असलेल्या बायकांना रोज १०-२० छोट्या उड्यांचा फायदा खुब्याच्या हाडात दिसला आहे. एकेक उडी, मध्ये काही सेकंद थांबून.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्यांचं हाड आधीच ठिसूळ आहे किंवा मणका दबलेला आहे, त्यांनी कंबरेतून पुढे वाकून करायचे व्यायाम, झटक्याने पीळ आणि उड्या टाळाव्यात. वाकण्याने मणक्याच्या पुढच्या बाजूवर भार येतो आणि तो दबतो. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे जाऊनच सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट तोल. एका पायावर उभं राहा, दात घासताना सुद्धा चालेल. दहा सेकंद राहता येत नसेल तर आजपासून रोज सराव करा. ताई-चीसारख्या सावकाश व्यायामाने वयस्कर माणसांचं पडणं कमी होतं हे चांगलं तपासलेलं आहे. जो पडला नाही, त्याचा खुबा सहसा मोडत नाही.

आता जे मला तुम्हाला न बघता सांगता येत नाही ते. कधी सलग तीन महिने स्टेरॉइड घेतली आहेत का? थायरॉइडचा डोस गरजेपेक्षा जास्त चालू आहे का? फिट्सची औषधं, स्तनाच्या कर्करोगानंतरची संप्रेरक कमी करणारी औषधं, वर्षानुवर्षांच्या ॲसिडिटीच्या गोळ्या? (पाळी गेलेल्या वाचकांसाठी: ती ४५ च्या आत गेली का, अंडाशयं काढली आहेत का?) साध्या पडण्याने आधी कधी मनगट मोडलंय का? यातलं एकही ‘हो’ असेल तर आहार-व्यायामावर थांबू नका. आणि एक धोका तर तुमच्याकडे आहेच: आईचा खुबा. हाड मोडण्याचा धोका मोजण्यासाठी शेफिल्ड विद्यापीठाने २००८ मध्ये आणलेल्या फ्रॅक्स या गणकयंत्रात आई-वडिलांचा मोडलेला खुबा हा स्वतंत्र प्रश्न आहे, इतकं त्याला महत्त्व आहे. म्हणून ६५ वर्षांची वाट न बघता, पाळी थांबल्यावर डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या, खुबा आणि कणा दोन्हींची. शिबिरांत टाचेवर यंत्र लावून जो आकडा देतात त्यावर औषध सुरूही करू नका, निर्धास्तही होऊ नका. डेक्सामध्ये टी स्कोअर (तरुण धडधाकट हाडाशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर त्याला ठिसूळपणा म्हणायचं असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलं. पण त्याच्या वर आकडा असलेल्यांचीही हाडं मोडतात, म्हणून आकडा आणि धोके एकत्र वाचायचे. गरम वाफा, झोप उडणं असे त्रास होत असतील तर संप्रेरक उपचारांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. त्यांनी हाडही राखलं जातं, पण ते कुणाला द्यायचे हे तब्येत पाहूनच ठरतं.

शेवटी तुम्ही जे विचारलंच नाहीत ते, आणि माझ्या मते तेच सगळ्यात तातडीचं आहे. उभ्या उंचीवरून पडून आईंचा खुबा मोडला, म्हणजे त्यांना ठिसूळपणा आहे. ते ठरवायला तपासणीच्या आकड्याची वाट बघायची गरज नाही. ऑपरेशनने मोडलेलं हाड जोडलं, आजार तसाच आहे. आमच्याच क्षेत्रातली ही मोठी त्रुटी आहे: टाके निघतात, रुग्ण वॉकर घेऊन घरी जातो आणि ठिसूळपणाचं औषध सुरू करायचं राहून जातं. मग दोन वर्षांनी तीच आजी दुसरा खुबा मोडून येते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिड हे ठिसूळपणावरचं औषध शिरेतून दिलं, मग वर्षातून एकदा. औषध न मिळालेल्यांपेक्षा त्यांच्यात नवी हाडं मोडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूंचं २८ टक्क्यांनी कमी होतं. तुमच्या आईंना हेच औषध बसेल की दुसरं, ते त्यांच्या मूत्रपिंडावर आणि ड जीवनसत्त्वाच्या पातळीवर ठरेल. ही दोन्ही आधी तपासतात. नुसत्या कॅल्शियमवर त्यांना ठेवणं पुरेसं नाही.

आज रात्रीच पलंगापासून बाथरूमपर्यंत दिवा राहील असं करा, सुटं पायपुसणं उचला, भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या. त्या झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी घेतात का, रात्री उठल्यावर चक्कर येते का, चष्म्याचा नंबर कधी तपासला, हे विचारा. मग ऑपरेशनचे कागद आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन याच आठवड्यात त्यांच्या सर्जनकडे जा आणि सरळ विचारा, ‘ठिसूळपणावर औषध कोणतं आणि कधी सुरू करायचं?’ त्यांचा एखादा दात काढायचा राहिला असेल तर तेही तिथे सांगा. या औषधांच्या आधी ते काम उरकलेलं चांगलं.